शेंगा मोजायला शिकवणाऱ्या आमच्या मॅडम

प्रयोगशाळेतल्या सगळ्या आजी-माजी लेकरांना आणि स्नेह्यांना नमस्कार. कसे आहात? व्यंकटेश, कंबर काय म्हणते? अंबिका, बाळाचा खोकला थांबला का? होटगीच्या जोशी सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं ऐकलं. सर, थेंब वेळेवर घालता ना? माझे गुडघे कुरकुरतात, पण जिना चढू देतात. आणि ज्यांच्यासाठी हा गौरवग्रंथ निघतो आहे, त्या आपल्या डॉ. शहनाज बागवान मॅडम साठ वर्षांच्या झाल्या, तरी जुळे सोलापुरातून स्कूटीवर स्वतःच येतात. देव त्यांना असंच हिंडतं-फिरतं ठेवो.

मी मूळचा फ्रीज दुरुस्त करणारा. शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं हात काळे करून शिकलो. प्रयोगशाळेतल्या मोठ्या फ्रीजरचा कॉम्प्रेसर बसला म्हणून मला बोलावणं आलं. मॅडमांचा जीव नुसता टांगणीला लागला होता. मी विचारलं, "यात एवढं ठेवलंय तरी काय?" दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, तुम्ही तुमचं काम करा. मॅडमांनी स्टूल पुढं सरकवलं आणि सांगितलं, "विषाणू आहेत मामा, पण दुखणं करणारा भाग काढून टाकलेले. त्यांच्या पोटात आपण औषधाचं जनुक भरतो. ते पेशीत नेऊन पोचवायचं एवढंच त्यांचं काम." फ्रीजर सुरू झाला आणि मी तिथलाच झालो. हातात पिपेट धरायला मला त्यांनीच शिकवलं, आणि माझे थेंब भलतीकडेच पडले म्हणून एकदाही हसल्या नाहीत.

हे विषाणू मोजायचे कसे, हे त्यांनी मला शेंगांवरून समजावलं. शेंग म्हणजे विषाणू, दाणा म्हणजे त्याच्या पोटातलं जनुक. यंत्राला शेंग दिसत नाही, फक्त आतला दाणा दिसतो. दाण्याचे दोन, दोनाचे चार असं ते वाढवत नेतं; चमक जितकी लवकर दिसेल तितके दाणे सुरुवातीला जास्त. पण मिश्रणात टरफलाबाहेरचे सुटे दाणेही असतात, आणि ते मोजले गेले तर शेंगा उगाच जास्त दिसतात. म्हणून आधी एक एंझाइम घालून सुटे दाणे संपवायचे. टरफलाच्या आत त्याचा शिरकाव होत नाही. मग ते एंझाइम थांबवायचं, टरफलं फोडायची आणि मोजायचं. शिवाय एका वेगळ्या नळीत नुसते सुटे दाणे घेऊन त्यांच्यावरही तेच सोपस्कार करायचे. ती नळी शेवटी रिकामी निघाली, तरच एंझाइमनं काम केलं म्हणायचं. ही नळी लावल्याशिवाय मॅडम कुणाचाही आकडा वहीत उतरू देत नसत.

सांगोल्याची अंबिका स्नायूंच्या दुखण्यावरचा विषाणू करत होती. फेलोशिप संपत आलेली, घरचे लग्नाचं बघत होते, आणि दुसऱ्या दिवशी तिचं पार्सल बाहेरगावच्या संस्थेत उंदरांवरच्या प्रयोगासाठी निघायचं होतं.

"मामा, लई भारी आकडा आलाय की! पेढे तुमच्याकडनं."

"माझ्याकडनं का गं? विषाणू तू वाढवलास."

"गार कुणी ठेवला मग?"

मॅडम यंत्राच्या पडद्याकडे बघत होत्या. "अंबिका, सुट्या दाण्यांची नळी कुठं आहे?"

"यंत्राच्या प्लेटमधी जागा न्हवती, मॅडम. आन् दर वेळी ती रिकामीच निघती की."

"रिकामी निघते का ते बघायलाच लावतो ना, बेटा?"

मॅडमांनी स्वतः हातमोजे चढवले. रोजे चालू होते. त्यांच्या पोटात सकाळपासून पाण्याचा घोट नव्हता. तरी मधेच वळून मला म्हणाल्या, "मामा, चहा घेऊन या आधी. तुमची साखर उतरेल."

जुनं एंझाइम घातलेली सुट्या दाण्यांची नळी लख्ख चमकली. ते एंझाइम वारंवार फ्रीजबाहेर टेबलावर राहून मलूल झालं होतं. ताजं एंझाइम घालून मोजलं, तर अंबिकाच्या आकड्याचा दहावा हिस्साही उरला नाही. पोरगी खाली बसली. "माझं सगळं गेलं, मॅडम."

"काही गेलेलं नाही. शेंगा होत्या तेवढ्याच आहेत. पण उद्या त्या आकड्यावरून मात्रा ठरली असती, उंदरांना औषध नावालाच पोचलं असतं, आणि सगळे म्हणाले असते, औषधात दम नाही. तुझा चांगला विषाणू कचऱ्यात गेला असता. ऊठ, तोंड धू."

मग त्यांनी आमच्यासमोरच त्या संस्थेला फोन लावला. पलीकडचे साहेब तापले. "चूक कुणाची झाली ते सांगा!" एवढं आम्हालाही ऐकू आलं. अंबिकानं मान खाली घातली.

"माझ्या प्रयोगशाळेची, म्हणजे माझी," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मला थोडी मुदत द्या."

मुदत मिळाली. अंबिकानं विषाणू पुन्हा वाढवला, आटवून घट्ट केला, सुट्या दाण्यांच्या नळीसकट मोजला आणि पाठवला. पुढं कळलं की ढिले पडलेले उंदीर आता जाळीला घट्ट धरून लटकतात. अंबिका नाचलीच. आज ती डॉक्टर अंबिका आहे.

पण मला मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. त्या फोननंतर आपल्याकडे चूक झाली की पोरं ती झाकायला बघत नसत. चहाच्या आधी मॅडमांना सांगून मोकळी होत. मॅडम चष्मा वर सरकवून म्हणायच्या, "बरं झालं सांगितलंस. चल, बघू."

मॅडम, तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो, आणि ते सारं धडधाकट जावो. दुपारचं जेवण टाळत जाऊ नका. मी आयुष्यात पहिल्यांदाच एवढं लांबलचक लिहिलं आहे. विज्ञानाचं कुठं चुकलं असेल, पण तुमच्या हाताखाली राहिल्यामुळं त्याची भीती वाटत नाही. वाचून झालं की काय चुकलं ते लगेच लिहून कळवा. वाट बघतो.