व्यासपीठावर नऊ, खाली मी

मे महिन्यातला दुसरा शनिवार, संध्याकाळचे साडेसहा. आमच्या कॉलेजातल्या ओळख क्लबच्या उद्घाटनाला मंजूर झालेली रक्कम पंधराशे रुपये. उपस्थित दहा: व्यासपीठावर नऊ, खाली मी.

शेंद्र्याच्या एका कारखान्यात हिशेब सांभाळता सांभाळता मी शेहेचाळिसाव्या वर्षी संध्याकाळच्या एमबीएला प्रवेश घेतला. वर्गात आम्ही नऊ विद्यार्थी. क्लबमधलं पद नोकरीच्या अर्जात लिहिता येतं, म्हणून बाकी आठही जणांनी पदं घेतली. एक अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार, प्रसिद्धीप्रमुख आणि आभारप्रमुख. मला आता कुठं अर्ज करायचा नव्हता. त्यामुळं साधा सभासद मी एकटाच.

क्लबची कल्पना अध्यक्ष मुलीची. ती सोयगावची, उस्मानपुऱ्यात खोली घेऊन राहायची. पहिलं अख्खं सत्र तिनं जिन्यावर बसून एकटीनं डबा खाल्ला होता. मला म्हणाली, "काका, इथं कुणी कुणाशी बोलतच नाय. क्लब काढला तर बोलावंच लागंल की."

पण क्लबांचं काम पाहणाऱ्या सरांनी बजावलं होतं, श्रोते दिसले नाहीत तर क्लब बंद. तेच सर प्रमुख पाहुणे म्हणून नववी खुर्ची अडवून बसले होते. तेव्हा तिची सगळी भिस्त माझ्यावर.

सचिव माइकवरून म्हणाला, "काका, जरा पसरून बसा. फोटोत गर्दी दिसायला पाहिजे."

एका माणसानं पसरावं तरी किती? मी एका खुर्चीवर हेल्मेट ठेवलं, दुसरीवर बॅग, तिसरीवर डबा.

सत्कार करायला खाली कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी एकमेकांचे केले. टाळ्या नऊही वेळा मी वाजवल्या. मग सर उठले. "उपस्थित बंधू-भगिनींनो," असं म्हणून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मीही मागं वळून पाहिलं.

व्यासपीठावरचा पंखा बंद होता, चालू पंखा माझ्या डोक्यावर. उकाडा असा की प्रसिद्धीप्रमुख फोटो काढायला खाली उतरला तो वर गेलाच नाही. पाठोपाठ खजिनदार आला. "चाचा, ये हेल्मेट किसका है? हटाऊं क्या?"

"माझंच आहे. पण सध्या तो श्रोता आहे."

"तो श्रोते को गोद में लेके बैठता मैं."

आभारप्रमुखानं डबा मांडीवर घेऊन वास घेतला. "धपाटे का हो काका?"

डबा रांगेतून फिरला. एक एक पदाधिकारी उतरत गेला. निवड झाल्यापासून एकमेकांशी न बोललेले दोन उपाध्यक्ष ठेचा कुणाच्या गावचा जास्त तिखट यावर भांडायला लागले.

"कृपया शांतता!" सर वरून ओरडले. "संपर्क कसा वाढवायचा ते सांगतोय मी!"

कुणी ऐकेना. सरांनी सत्काराच्या शालीनं घाम पुसला आणि तेही खाली आले.

वर ती एकटी उरली. तिनं आभारप्रमुखाकडं पाहिलं, त्याचं तोंड भरलेलं. मग तिनंच माइक घेतला. हातात भाषणाचा कागद होता. तो तिनं घडी घालून ठेवला.

"मी काकूंचे आभार मानते. धपाटे लई भारी झालेले दिसतात. मला एखादं ठेवलंय का?"

सगळे हसले. सरांनी हातातल्या अर्ध्या धपाट्याकडं पाहिलं. मी झाकणात एक बाजूला काढून ठेवलं होतं. ती उतरली आणि माझी बॅग खाली ठेवून रांगेत बसली.

"सर, क्लब चालू राहील ना?"

"श्रोते तर भरपूर होते," सर बोटं पुसत म्हणाले. "पुढच्या वेळी व्यासपीठ मांडू नका. डबे जास्त आणा. आणि आता चहा सांगा."

चहाची तरतूदच नव्हती. बॅनर सहाशे, नऊ पुष्पगुच्छ सातशे वीस, सरांची शाल एकशे ऐंशी, संपले पंधराशे. गेटबाहेरच्या टपरीवर दहा चहाचे एकशे वीस रुपये झाले. मी खिशात हात घातला तर तिनं अडवला.

"राहू द्या काका. अख्ख्या क्लबात फूल न मिळालेले तुम्हीच."

बाकीच्यांनी, सरांनीसुद्धा, आपापले बारा रुपये टपरीवाल्याला दिले. तिनं चोवीस दिले.