सूचीखालचं घर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही – आणि आईला मी रोज सकाळी बसमध्ये बसल्यापासून उतरेपर्यंत फोनवर काय काय सांगत असते! हेब्बाळ ते शिवाजीनगर, तेवढाच वेळ माझी मराठी चालते. मग दिवसभर इंग्रजी, कन्नड, थोडी हिंदी. सांगली सोडून इथे बंगळूरला आले त्याला सहा वर्षं झाली, पण इमारतीत मला अजून फ्लॅटच्या नंबरावरून ओळखतात. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्हीही मला ओळखत नाही.

मी सातवीला भूगोल शिकवते. नकाशा फक्त भूगोलाच्या तासालाच का, हा माझा जुना हट्ट. गणितात प्रमाण, विज्ञानात सावलीवरून दिशा, कन्नडमध्ये घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून गल्ल्यांची जुनी नावं – असं सगळ्या शिक्षकांचं डोकं खाऊन मी एक मोठा नकाशा करायला घेतला. प्रत्येक मुलाने घर ते शाळा हा रस्ता पावलांनी मोजायचा, कागदावर काढायचा, आणि सगळे तुकडे जोडून भिंतीवर परिसराचा एकच नकाशा.

पावलाची लांबी आधी शाळेच्या व्हरांड्यात काढली. तीस मीटर अंतर, दप्तरं खाली, हात मोकळे. दप्तरं खाली ठेवा, हे मीच सांगितलं होतं. भाग्याची पन्नास पावलं झाली – म्हणजे एक पाऊल साठ सेंटिमीटर. भाग्या म्हणजे शेवटून दुसऱ्या बाकावरची, विचारल्याशिवाय न बोलणारी मुलगी.

तिने आणलं – घर ते शाळा पंधराशे पावलं, नऊशे मीटर. माझा फोन म्हणत होता सातशे वीस. तिचा तुकडा भिंतीवर लावून पाहिला, तर घर नाला ओलांडून थेट पेट्रोल पंपावर गेलं. वर्ग हसला. मीही हसले. आणि मग चाळीस मुलांसमोर म्हटलं की फोन सातशे वीस दाखवतोय, हिने पावलं मोजलीच नाहीत, घरी बसून आकडा लिहिला.

तिने हळू आवाजात कन्नडमध्ये सांगितलं, “मिस, खरंच मोजलं. रोज चालते तशीच चालले.”

“मग खोटं कोण बोलतंय? फोन?”

ती खाली बसली.

एक गोष्ट राहिली. तिच्या कागदावर बसस्टॉपजवळ एक छोटी बाई काढलेली होती, कानाला फोन, आणि खाली लिहिलं होतं – ‘मिस इथे उतरतात.’ या एवढ्या मोठ्या शहरात मी कुठल्या नकाशावर असेन तर त्या एका कागदावर. मला ते दिसलं होतं. आवडलंही होतं, खोटं कशाला बोलू? तरी तो कागद मी खणात टाकला, आणि तिच्या गल्लीच्या मोकळ्या जागेवर सूची चिकटवली – देवळाची खूण ही, मशिदीची ती, असं सांगणारी चौकट.

दोन दिवसांनी सकाळी आईने फोन उचलला नाही. त्यामुळे बसमधून उतरल्यावर मी कधी नव्हे ते समोर पाहिलं. रस्त्याच्या कडेने भाग्या चालली होती. कमरेवर धाकटी बहीण, चांगली तीन वर्षांची, अंगाने भरलेली. एका बाजूला झुकून, तुटक पावलं टाकत. शाळेलगतच्या अंगणवाडीच्या दारात तिने बहिणीला उतरवलं, पाठ सरळ केली आणि फाटकातून आत गेली. रोज चालते तशी.

मला तिथेच कळलं. कळलं नाही असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही, कारण रविवारी दुपारी मी दहा किलो तांदळाची पिशवी कमरेवर घेऊन इमारतीच्या पॅसेजमध्ये येरझाऱ्या घातल्या. एका शेजाऱ्याने दार किलकिलं करून पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं. मोकळ्या हाताने पन्नास पावलांत होणाऱ्या अंतराला आता बासष्ट लागत होती. तिचं गणित लावून पाहिलं – अंतर जवळजवळ फोनएवढंच आलं. मोजणी तिची बरोबर होती. चुकलं होतं ते माझं, व्हरांड्यातलं.

पालकसभेला अजून सहा दिवस होते. सूची काढून दुसरीकडे लावायला किती वेळ लागला असता? पाच मिनिटं. वर्गासमोर एवढंच म्हणायचं होतं की भाग्या बरोबर होती. मुख्याध्यापिका नकाशावर खूश होत्या, कामाची गडबड होती – पण कारण ते नव्हतं. मला चाळीस मुलांसमोर चुकायचं नव्हतं.

पालकसभेला भाग्याची आई आली. धाकटी नेहमीसारखी भाग्याच्या कमरेवर. आई नकाशावरून बोट फिरवत आपलं घर शोधत होती. भाग्याने तिचं बोट धरलं, सूचीच्या चौकटीवर नेऊन ठेवलं आणि म्हणाली, “ह्याच्या खाली आहे.” आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. मी दोन हात अंतरावर उभी होते. मी वळले आणि दुसऱ्या एका पालकांशी बोलायला लागले.

पुढच्या सत्रात मी तोच रस्ता पुन्हा काढायला सांगितला. का? ती पुन्हा नऊशे लिहील आणि मग मी काहीतरी बोलेन, असं वाटलं होतं बहुतेक. तिने स्वच्छ, पट्टीने आखलेला नकाशा आणून दिला. अंतर सातशे वीस मीटर. पावलं बरोबर बाराशे. सातशे वीसला साठ सेंटिमीटरने भागलं की बाराशेच येतात. या वेळी ती एकही पाऊल न मोजता, घरी बसून आकडा लिहून आली होती. बसस्टॉपची खूण सूचीत दिल्याप्रमाणे काढलेली होती. तिथे कोणी उतरत नव्हतं.

मी दहापैकी दहा दिले.