भोकांची मोटर

दुकानात नटबोल्ट विकत आणावे लागतात. किस्से मात्र मागच्या शेडमध्ये भंगारासारखे आपोआप साचतात. दारव्ह्यातल्या माझ्या मोटर-पंपाच्या दुकानामागची शेड ऋतुजाला दिली, तेव्हापासून तर ढीगच लागला!

ही बोरी अरब गावच्या देविदासभाऊंची पोरगी. मोटर डिझाइनमध्ये एम.टेक. पुण्याची नोकरी सोडून आली आणि कपाशीतलं तण काढणाऱ्या बॅटरीच्या डवऱ्यासाठी मोटर बनवायला बसली. बापाची अट एकच: "एक हंगाम. आपल्या वावरात चालली तं ठीक, नाही तं पुण्याले वापस!"

*

मी शिकलो तो काउंटरवर. मोटर उचलायची, जड लागली की चांगली! ऋतुजाची पहिली मोटर मी एका हातानं उचलली.

"पोरी, कोणी घेणार नाही हे. लय हलकी हाये!"

"काका, हलकी करायलेच तं एम.टेक. केलं!"

*

एकदा तिचा रोटर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा गाभा, उघडा पाहिला. पापडासारखे पातळ पत्रे एकावर एक रचलेले, अन् प्रत्येकात कमानीसारखी वाकडी भोकं. मी चुंबक शोधलं. नाही! तांब्याची तार? रोटरवर तीही नाही!

"मंग याले फिरवते कोण?"

"भोकं, काका. बाहेरच्या तारेच्या वाइंडिंगमधून चुंबकाच्या रेषा निघतात. त्याईले लोखंडातून सोपी वाट पाह्यजे. बाकीच्या वाटा मी भोकं पाडून अडवल्या. सोपी वाट समोर आणाले रोटर फिरतच राह्यते."

जन्मभर मोटरी विकल्या, पण जे नाही त्याच्या जोरावर जे आहे ते फिरतं, हे काही पचेना. त्या दिवशी पंप मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मी पंखा बांधून दिला!

*

देविदासभाऊंनी तोच पत्रा उजेडात धरला, आरपार माझ्याकडे पाहिलं.

"भोकं पाडाले एम.टेक. लागते काय? आपल्या घरी उंदीर फुकटात पाडतात!"

मी हसलो. ऋतुजा हसली नाही.

*

भोक आणि रोटरची कड यांच्यामध्ये लोखंडाची बारीकशी पट्टी उरते. जाड ठेवली तर ताकद गळते, पातळ केली तर वेगात रोटर फाटतो. त्या पट्टीसाठी पोरगी दिवसच्या दिवस कॉम्प्युटरपुढे बसलेली.

मी म्हटलं, "कायले एवढा जीव काढून राह्यली? अर्धा मिलिमीटर इकडं-तिकडं आमच्याकडं चालते!"

"म्हणूनच तुमच्या मोटरी गरम होतात, काका!"

जुन्या गिऱ्हाइकानं नसतं सुनावलं एवढं!

*

पाऊस उघडला, वापसा येऊन जमीन कामाजोगी झाली, अन् परीक्षा ठरली. देविदासभाऊंनी स्वतः डवरा धरला. मशीनभोवती एक चक्कर मारली.

"चालू कराले ओढाची दोरी कुठं हाये?"

"दोरी नाही, बाबा. बटन दाबा."

डवरा निघाला. थोडं पुढे हरळीचा गड्डा आडवा आला. डवरा थबकला. ऋतुजानं माझा दंड गच्च धरला. मोटर क्षणभर घुमली, अन् आख्खा गड्डा मुळासकट वर!

भाऊ धुऱ्यापर्यंत, वावराच्या बांधापर्यंत गेले. वाटलं, आता डवरा आणून देतील. ते वळले अन् दुसऱ्या ओळीला लागले. मग तिसरीला.

तेवढ्यात धुऱ्यापलीकडून शेजारी ओरडला, "ओ देविदासभाऊ! एवढुशा मोटरीत हाये तरी काय?"

भाऊ थांबलेच नाहीत. चालता चालता ओरडले,

"भोकं हायेत बे, भोकं! अन् सांगून ठेवतो, हे उंदराचं काम नाही!"