टिटवीनं यंदा कुठं घातली?

आमच्या शिरोळ भागात पूर येणार का नाही, हे टिटवीला विचारतात. म्हणजे तिनं अंडी कुठं घातली ते बघतात. खाली नदीच्या पात्रात, गोट्यांत घातली, तर पाऊस बेताचा. वर बांधावर घातली, तर गुरंढोरं हलवायची तयारी ठेवायची. शिकलेल्या माणसाला हसू येईल, आणि मी तर जन्मभर मराठी शाळेत पोरांना विज्ञान शिकवलं. पण शाळेत विज्ञान आणि घरात टिटवी, असंच माझं चाललं. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही.

अंडी शोधायचं काम आमच्या ह्यांचं. मे महिन्यात रोज सकाळी नदीला जायचे. टिटवीचं घरटं म्हणजे तरी काय, चार खडे बाजूला सारून केलेली जागा. अंडीही खड्यांच्याच रंगाची, पाय पडेपर्यंत दिसायची नाहीत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली, की हे जागीच थांबायचे आणि नुसती नजर फिरवायचे. हे गेल्यावर ते काम माझ्याकडं आलं.

मुलगा कागलला कारखान्यात आहे. मे महिन्यात त्याचा फोन ठरलेला. "आई, टिटवीनं यंदा कुठं घातली?" वर घातली म्हटलं, की पाणी चढायच्या आत टेंपो घेऊन यायचा. म्हैस सुनेच्या माहेरच्या गोठ्यात बांधायचा आणि मला कागलला आपल्या घरी न्यायचा. खाली घातली म्हटलं, की "मग काय काळजी न्हाय" म्हणून फोन ठेवायचा. कागल काय लांब आहे हो? दीड तासाची वाट. पण टिटवीनं बोलावल्याशिवाय यायची रीत नव्हती.

मग एका वर्षी टिटवी चुकली. अंडी अगदी खाली, पाण्यापासून दहा पावलांवर. मी छातीठोक सांगून टाकलं. आणि मे संपायच्या आतच पावसानं गाठलं. वळीव नव्हे तो. वळीव तासभर धिंगाणा घालतो आणि जातो. हा चार दिवस लागून राहिला, आषाढात लागतो तसा. पाचव्या दिवशी नदीवर गेले, तर ती जागाच पाण्याखाली. टिटव्यांची जोडी त्या गढूळ पाण्यावर घिरट्या घालत ओरडत होती आणि मी छत्री धरून काठावर उभी. तिचं काय चुकलं? तिच्या आज्या-पणज्या मे महिन्यात पात्रात अंडी घालायच्या, तेव्हा पात्र कोरडं असायचं. आता उन्हाळ्याला आपली जागा राहिली नाही आणि पावसालाही. पाखरानं कुणावर भरवसा ठेवायचा?

मुलाला मी परत फोन केला नाही. बोललेलं मागं घ्यायचा माझा स्वभावच नाही, आणि त्याची शिक्षा मिळाली. श्रावणात घरात गुडघाभर पाणी आलं. मुलगा निघाला तोवर रस्ते बंद झाले होते. शेजाऱ्यांनी ट्रॅक्टरमधनं म्हैस हलवली आणि मी आठ दिवस शाळेच्या माडीवर काढले. वर लोकांची चेष्टा होतीच.

"काय वो बाई, तुमची टिटवी नापास झाली की!"

"पेपरच बदललाय मेल्यांनो," मी म्हणाले, "ती बिचारी काय करंल?"

पुढच्या वर्षी टिटवीनं पुन्हा खालीच घातली. ऊन तर असलं, की काठावर उभं राहवत नव्हतं. टिटवी पाण्यात पोट बुडवून यायची आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसायची, त्यांना गारवा द्यायला. परत उठायची, परत पाण्याला जायची. दिवसभर हाच उद्योग. एवढं करून एकही पिल्लू निघालं नाही. अंडी तशीच पडून राहिली.

त्या वर्षी फोन आला तेव्हा मी म्हणाले, "बांधावर हाइत."

साफ खोटं. पुराची धास्ती होती, नाही असं नाही, पण कारण ते नव्हतं. घर खायला उठलं होतं. दिवसभरात "काय बाई, बरं हाय न्हवं?" एवढंच माणसाचं बोलणं कानावर पडायचं, आणि तेही रस्त्यावरनं जाता जाता. मुलगा टेंपो घेऊन आला. पंधरा दिवस मी माणसांत राहिले, भांडले, नातीची वेणी घातली, सुनेच्या आमटीला नावं ठेवली. नदीनं त्या वर्षी पात्राबाहेर पाऊलसुद्धा टाकलं नाही. मुलगा मला आणि म्हशीला परत सोडून गेला.

यंदा टिटवीच आली नाही. सबंध मे महिना मी दोन्ही वेळा काठ धुंडाळला. पार बंधाऱ्यापर्यंत चालत गेले. ती ओरडत अंगावर धावून आली असती, तरी बरं वाटलं असतं. एकदा तर मीच मोठ्यानं हाक मारली. कुणी बघितलं असतं, तर म्हणालं असतं, बाईंचं डोकं फिरलं.

फोन आला. तोच प्रश्न.

"न्हाय आली यंदा," मी म्हणाले. "आता पुराचं तुला कसं कळणार?"

"पुराचं व्हय? ते मोबाईलवर कळतंय की. धरणातनं किती पाणी सोडलं, सगळं येतंय. तू शाळेच्या माडीवर राहिलीस, त्या सालापास्नं मी त्यावरच बघतोय."

मी चमकले. "मग त्याच्या पुढच्या साली कशाला आलतास? तवा तर पूरच न्हवता."

"तू बांधावर हाइत म्हणालीस की."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग तो हळूच म्हणाला, "आई, आता टिटवी न्हाय. तुला यायचं असलं, तर काय सांगणार तू?"

"सांगीन की सरळ. मला काय तोंड न्हाय?"

"मग सांग."

"दूध उतू चाललंय, ठेवते," म्हटलं आणि फोन बंद केला. गॅसवर काहीच नव्हतं.