मीठबाई आणि झऱ्याचा आकडा

गल्लीत तिला सगळे मीठबाई म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. पाणीखात्यात तिचं काम मोजणीचं. तारेच्या एका टोकाला बोटभर लांबीचा प्रोब, दुसऱ्या टोकाला हातात मावेल असा मीटर. प्रोब पाण्यात सोडला की मीटरवर दोन आकडे दिसतात: पाणी किती थंड आहे आणि त्यातून वीज किती सहज जाते. पाण्यात मीठ मिसळलं की हा दुसरा आकडा चढतो. घरीसुद्धा ती स्वस्थ बसायची नाही. आंघोळीचं पाणी, भाजी उकडलेलं पाणी, नवऱ्याचा चहा, सगळ्यात प्रोब बुडवून व्हायचा. "आता माझ्या डोळ्यांतलं पाणीही मोजून टाक," नवरा म्हणायचा, आणि ती खरोखरच प्रोब घेऊन यायची.

त्या दिवशी मात्र तिला थट्टा सुचत नव्हती. गल्लीच्या तोंडाशी एक झरा आहे, अख्खी गल्ली त्याचंच पाणी पिते. वर टेकडीवर एक ओहोळ एका खड्ड्यात शिरून गडप होतो, आणि कापड रंगवणाऱ्या कारखान्याला आपलं सांडपाणी नेमकं त्याच खड्ड्यात सोडायचं होतं. खड्ड्याचा आणि झऱ्याचा काही संबंध नाही, असं कारखान्याचं म्हणणं. संबंध आहे हे संध्याकाळपर्यंत दिसलं नाही, तर परवानगी मिळणार होती. म्हणून सकाळीच मीठबाईने पोतीच्या पोती मीठ ओहोळात विरघळवून खड्ड्यात सोडलं होतं. आता खाली झऱ्यात प्रोब टाकून ती डोळ्यांत तेल घालून मीटरकडे बघत होती. मीठ इथवर पोचलं तर आकडा चढणार.

आकडा चारशे बारावर अडून बसला होता. दुपार झाली तरी तिथेच. शेजारी कारखान्याचे मॅनेजर छत्री धरून उभे होते. माणूस सभ्य, कंटाळल्याचं दाखवत नव्हता. सासूबाईंना मात्र दम निघेना. घरातून झऱ्यावर, झऱ्यावरून घरात, त्यांच्या पायाला भिंगरी लागली होती.

आणि एकदम आकडा उसळला. पाचशे, सातशे, नऊशे. मीठबाई अशी ओरडली की गल्ली धावत आली, कुणी टाळ्याही वाजवल्या. पण हसता हसता ती थांबली. चढला तसाच आकडा भर्रकन उतरून पुन्हा चारशे बारावर आला होता. जमिनीखालून येणारं मीठ असं उडी मारून येत नाही. आकडा हळूहळू चढतो आणि बराच वेळ वर राहतो. तिने मान वळवली. प्रोबच्या जरा वरच्या बाजूला, धारेशी सासूबाई उभ्या होत्या आणि उजवा हात पाठीमागे लपवत होत्या.

"आई, हात दाखवा."

"अगं, तुझा आकडा हलतच नव्हता. म्हटलं, थोडा हातभार लावावा," सासूबाई म्हणाल्या. ओल्या तळहाताला घरातलं मीठ चिकटलं होतं.

हसावं की रडावं, मीठबाईला कळेना. तिने मॅनेजरांना सरळ सांगून टाकलं, "हे मीठ टेकडीवरचं नाही. आमच्या आईंनी टाकलंय."

"सांगितलंत ते बरं केलंत," मॅनेजर शांतपणे म्हणाले. "पण बाई, आता खरंच आकडा चढला, तरी त्यावर विश्वास कोण ठेवणार?"

गल्लीची तोंडं उतरली. मग मीठबाईने मीटर मॅनेजरांच्याच हातात दिला. "तुम्ही ठेवाल. मीटर तुमच्याकडे, झराही तुमच्याकडे. आमच्यापैकी कुणी जवळ फिरकणार नाही." सासूबाईंचा हात घट्ट धरून ती लांब, बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. बाकीचेही मागे सरकले.

मीटर दुसऱ्याच्या हातात आणि ती लांब, असं आजवर कधी झालं नव्हतं. आकडा दिसेना, दिसत होता तो नुसता मॅनेजरांचा चेहरा. त्यांनी गप्प बसायचं ठरवलं असतं, तर कुणाला काही कळलंही नसतं. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा मीटर देऊन झाला होता. उन्हं उतरायला लागली.

"बोलत का नाही गं तो?" सासूबाई कुजबुजल्या.

"बोलतील," ती म्हणाली.

मॅनेजरांनी छत्री मिटली. ते मीटरवर वाकले, मग झऱ्याकडे बघितलं, मग पुन्हा मीटरकडे.

"चारशे तेरा," ते म्हणाले. जरा थांबून, "चौदा." मग त्यांनी खाकरून घसा मोकळा केला आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सोळा. एकोणीस. चारशे तेवीस, बाई, आणि उतरत नाहीये."

मीठबाई ताडकन उठली, पण झऱ्याकडे धावली नाही. लांब राहायचं तिने कबूल केलं होतं. सासूबाईंना मिठी मारून ती तिथल्या तिथेच उड्या मारत राहिली, आणि तिकडे कारखान्याचे मॅनेजर एकेक आकडा मोठ्याने वाचत राहिले.