दोरीवरचं लुगडं

राजेहो, शालिकरामले नट म्हटलं का लोकं हासतात. मले राग येते. मी तेजराम, त्याच्याच गावचा, आमगावाकडचा. भिलाईत लोखंडाची भट्टी उभी होऊन राहिली होती, तवा आमी दोघं संगच खलाशी म्हणून, जड लोखंड दोरानं ओढाच्या कामावर लागलो. पण त्याच्या आधी सात वर्षं यानं दिवाळीनंतर गावोगावी भरते त्या मंडईच्या जत्रेत, दंडारीच्या रातभरच्या नाटकात राणीचं सोंग केलं, अन् असं केलं का बाया पदरानं डोळे पुसत.

त्याची माय, गयाबाई, मात्र एकदाही पाहाले आली नाही. पहिल्या सोंगासाठी या पठ्ठ्यानं तिचंच नवं लुगडं दोरीवरून चोरलं होतं. बुढीनं चुलीतल्या लाकडानं हाणला. "बाप्या माणसानं लुगडं नेसावं? नाक कापलं माहं!" तवापासून घरात दंडारीचं नावच बंद. अन् शालिकले एकच ध्यास, मायनं एकडाव तरी आपल्याले पाहावं.

साठ साली भट्टीवर फिल्म काढणारे आले. दोर ओढाले शालिकले उभं केलं. "कॅमेऱ्याकडं पाहू नको," साहेबानं दहादा बजावलं. पण जित्याची खोड! दंडारीत आधी सभेले मुजरा, मंग सोंग. यानं दोर बगलेत धरला अन् कॅमेऱ्याले वाकून मुजरा केला. तीनदा काढलं, तीनदा मुजरा. साहेब तणतणत दुसरीकडं गेला.

या येड्याले वाटलं, मुजरा तरी दाखवतीन. मायले चिठ्ठी धाडली, 'या खेपी मर्दाच्या वेषात आहो, ये.' बुढी रेल्वेनं आली, काखेत बोचकं घेऊन. फिल्म दाखवाले भिलाईच्या सेक्टर दोनच्या मैदानात पडदा बांधला होता. भट्टी दिसली, क्रेन दिसली, मी सुदा दिसलो. शालिकच नाही. माहा जीव तुटला. लोकं खिदळले, "काबे, हिरो कुठं गेला?" तो मान खाली घालून बसला.

गयाबाई उठली. मले वाटलं, चालली आता टेशनावर. तिनं बोचकं सोडलं, एक जुनं लुगडं काढलं अन् त्याच्या मांडीवर ठेवलं. मी वळखलं, चोरीचं तेच.

"एवढ्या दूर मी काई भट्टी पाहाले नाही आली," म्हणे. "नेस."

शालिकनं लुगडं नेसलं. सभा सारी समोर होती, पण यानं मुजरा केला तो एकट्या मायले.