ग्रहणमास्तरांचा एक तास

बाबा पँट-शर्ट शिवायचे आणि सरकारं पाडायचे. गल्लीत त्यांना कुणी टेलरमास्तर म्हणत नसे, सगळे ग्रहणमास्तर म्हणत. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की कमरेभोवती टेप धरूनच ते सांगायचे, "सोनं चढणार आहे, बाजार बसणार आहे, श्वास सोडा." गिऱ्हाईक हसायचं, पोट सैल पडायचं आणि माप अचूक मिळायचं. ज्योतिषाचा तेवढा एकच उपयोग मी डोळ्यांनी पाहिला आहे.

पद्धत मात्र चोख होती. ग्रहण यायच्या दोन महिने आधी ते पॅटर्न कापायचा खाकी कागद टेबलावर पसरायचे आणि एकेका देशाच्या राजधानीची कुंडली शिसपेन्सिलीने मांडायचे. ग्रहणाचा क्षण जगाला एकच, पण त्या क्षणी तिथे दिवस किती वर आला आहे, त्यावरून ग्रहण कुंडलीच्या कुठल्या घरात पडतं ते ठरतं. अकराव्यात पडलं तर लाभ, बाराव्यात पडलं तर व्यय, म्हणजे नुकसान. पुढचे सहा महिने ते वर्तमानपत्राची कात्रणं टाचणीने त्याच कागदाला लावायचे. कुठे मंत्रिमंडळ कोसळलं, कुठे चलन घसरलं. जे जुळेल त्याला लाल दोऱ्याचा टाका.

"आणि जुळत नाही ते?" मी विचारायचे. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे घरातली आगाऊ मीच.

"त्याची वेळ अजून यायची आहे," ते म्हणायचे. आणि पुढची टाचणी उचलायचे.

दादा, माझा मोठा भाऊ, वेल्डर होता. त्या वर्षी त्याला परदेशातून दोन ठिकाणी बोलावणं आलं. एक बंदरावरच्या गोदीत, तिथे त्याचा मित्र आधीच होता. दुसरं एका डोंगराळ देशातल्या कारखान्यात. दादाचं मन बंदराकडे होतं. पण ऑगस्टमध्ये मोठं सूर्यग्रहण होतं आणि बाबांनी दोन्ही देश मांडले. बंदराच्या देशाला व्यय, डोंगराळ देशाला लाभ.

"बंदराकडे जायचं नाव काढू नकोस. वर्षभरात तिथे भाकरीसाठी गोळ्या चालतील."

"बाबा, मित्र तिथे मजेत आहे."

"ग्रहण लागलंय कुठे अजून?"

आई दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "पोराच्या जिवाचा प्रश्न आहे. दोनदा तपासा." बाबांना ते झोंबलं. चाळीस वर्षं हात बसलेल्या माणसाला कुणी तपासायला सांगावं! दादाने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. ते खांदे मला अजून छळतात. दादा वडिलांचा शब्द खाली पडू देणारा नव्हता, तो डोंगराळ देशात गेला.

ग्रहणानंतर तिसऱ्या महिन्यात त्या देशाचं चलन कोसळलं. सकाळी पावाची किंमत एक, दुपारी दुसरी. दुकानं लुटली गेली, रस्त्यावर सैन्य आलं. दादा पावाच्या रांगेत उभा होता. गोळी त्याच्यासाठी नव्हती, असं कारखान्याच्या साहेबाने फोनवर सांगितलं, जणू त्याने काही फरक पडतो. बंदराच्या देशात काहीही झालं नाही. तिथून दादाच्या मित्राचा फोन आला आणि तो नुसता रडला.

बाबांनी दुकान बंद ठेवलं. जेवण नाही, दाढी नाही. पाचव्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी मला दुकानात हाक मारली. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. टेबलावर तोच खाकी कागद.

"सापडली चूक," ते म्हणाले. "तिकडे उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात. तो तास मी वजाच केला नव्हता. आता केला. ग्रहण सरकलं, पडलं बाराव्यात. व्यय! तू गणितवाली, तपास."

मी तपासलं. कागदाच्या कोपऱ्यात त्यांच्याच बारीक अक्षरात लिहिलं होतं, "उन्हाळी तास वजा." तो तास त्यांनी तेव्हाच वजा केला होता. आता तोच दुसऱ्यांदा केला होता. पहिलं गणित अगदी बरोबर होतं. दादा गेला त्या देशाला ग्रहणाने लाभच दिला होता. म्हणजे बाबांची चूक नव्हती. त्या कागदातच काही नव्हतं, कधीच नव्हतं.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. "माझीच चूक ना? ग्रहण खोटं नव्हतं?"

मी नाही म्हणाले असते तर हा माणूस कशावर उभा राहणार होता? पोरगाही गेला आणि ज्याच्या भरवशावर पाठवला तेही पोकळ. मला त्यांची दया आली. "हो बाबा," मी म्हणाले, "तास राहिला होता." आणि ते चष्मा पुसत असताना कोपऱ्यातली ओळ खोडरबराने पुसून टाकली.

मागे दारात आई डबा घेऊन उभी होती, ते मला माहीत नव्हतं; बोलणं तिला ऐकू गेलं, माझा हात पाठीआड राहिला.

"म्हणजे तो तास धरला असता, तर पोरगा तिकडे गेलाच नसता?" तिने विचारलं.

"हो," बाबा शांतपणे म्हणाले.

"मी तपासा म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस."

तिने डबा टेबलावर ठेवला आणि निघून गेली. त्याला आता चार वर्षं झाली. ती त्यांचं ताट वाढते, कपडे धुते, पण त्यांच्याशी एक शब्द बोलत नाही. बाबा पुन्हा ग्रहणं मांडतात, प्रत्येक गणित तीनदा तपासतात. रोज समोर बसून जेवणाऱ्या बायकोच्या लेखी ते मुलाचा जीव घेणारे आहेत, आणि ते त्यांना मान्य आहे.

मागच्या महिन्यात मला राहवलं नाही. आईला सगळं सांगितलं. तास आधीच वजा होता, चूक नव्हती, खोटं मी बोलले. तिने तो कागद मागितला. मी आणून दिला. कोपरा कोरा होता.

"बापाला वाचवायला आता खोटं बोलतेस," ती म्हणाली. "माझ्या पोराच्या वेळी कुणी तोंड उघडलं नाही."